पहिलं नाव दादाचं

केळीचा पोगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, आतून का सडतो, या एका प्रश्नाचा उषानं तीन वर्षं पिच्छा पुरवला. नागपूरहून एम. एस्सी. होऊन ती बऱ्हाणपूरला परतली होती. मुलींच्या शाळेत शिकवायची आणि सुट्टी लागली की देडतलाईपर्यंतचे मळे पालथे घालायची. थोरला भाऊ नंदकुमार शेतीखात्यात होता. त्यानं कचेरीतला सूक्ष्मदर्शक मिळवून दिला, फोटो काढले.

संशोधनाचा निबंध छापायला पाठवताना उषानंच दोघांची नावं घातली आणि दादाचं वर लिहिलं. लग्नपत्रिकेत थोरल्याचं नाव आधी, राबणाऱ्याचं मागून. त्यांच्या इतवारा मोहल्ल्यात याहून वेगळं कुणी पाहिलंच नव्हतं.

"अगं, काम तुझं अन् मिरवणूक माझी?" दादा हसला.

"असू दे. तुझ्या आधी माझं नाव लावलं तर लोक तोंडात शेण घालतील."

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. जुन्या राज्यांची खाती एकत्र होत होती. केळीच्या रोगांसाठी नव्या सरकारनं एकच जागा काढली. उषानं अर्ज केला. भोपाळला मुलाखतीत साहेबांनी निबंध चाळला.

"पहला नाम तो भाई का है. यानी आप उनकी मददगार थीं?"

"नहीं साहब, काम मेरा था."

"तो भाईसाहब से लिखवा लाइए."

ती घरी आली तेव्हा दादा जेवत होता.

"दादा, दोन ओळी लिहून दे. काम माझं होतं, एवढंच."

दादा भात चिवडत राहिला. "मीपण अर्ज केलाय, उषे."

"तू?"

"मला लेकरं आहेत. तू काय, आज ना उद्या सासरी जाशील. अन् नाव तूच वर लिहिलंस ना? मी सांगितलं होतं?"

उषानं चुलीकडे पाहिलं. आई, मथुराबाई, भाकरी थापत होती.

"घरचं भांडण भोपाळला नेऊ नको, बाई," आई म्हणाली आणि गरम भाकरी दादाच्या ताटात वाढली.

जागा दादाला मिळाली. उषा सासरी गेली नाही. मळ्यातही पुन्हा कधी गेली नाही.

बऱ्याच वर्षांनी तिच्या वर्गातल्या दोघी चुलतबहिणींनी मिळून पानांचा तक्ता केला. पानं धाकटीनं हिंडून आणलेली, चिकटवलेलीही तिनंच.

"मग कमलचं नाव आधी का?" उषाबाईंनी विचारलं.

"ती मोठी आहे ना, बाई."

"परत लिही!"

त्या मोठ्यानं ओरडल्या. पोरीनं रडत रडत नवा कागद घेतला. आणि पुन्हा कमलचंच नाव आधी लिहिलं.