गाडीचा परकर

आमच्या गाडीला माझ्या वडिलांनी एक परकर शिवला होता.

कशिदा वगैरे नव्हता त्यावर. साधाच, निळ्या ताडपत्रीचा. पण नेफा, नाडी आणि कडेच्या लाल गोटासकट.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, देवासला शिंपीकाम करतात. त्यांच्या मशीनवर माझी शाळा झाली, कॉलेज झालं आणि घराण्यातला पहिला बी.एससी. म्हणून माझ्या फोटोला हारही पडला. (माणूस जिवंत असताना फोटोला हार घालू नये, हे आईला नंतर कुणीतरी सांगितलं.) शाळेत शिक्षकाची नोकरी लागल्यावर मी जुनी गाडी घेतली. इतकी जुनी, की विकणाऱ्यानं चावी देताना माझे दोन्ही हात हातात घेतले होते.

बहिणीचं, नंदाचं, धारच्या मुलाशी जमलं. या सोयरिकीत आमच्याकडे दाखवण्यासारखी एकच वस्तू होती: मी. मध्यस्थानं तिकडे सांगितलं होतं, "मुलीचा भाऊ शिकलेला आहे, घर सुधारलेलं आहे, दारात गाडी आहे." मुलाची आजी थकलेली, तिला प्रवास झेपत नाही, म्हणून साखरपुडा त्यांच्याच घरी ठरला. व्याही शिस्तीचे. फोनवर म्हणाले, "मुहूर्त चुकवायचा नाही. आणि मुलीच्या भावाला भेटायची आम्हां सगळ्यांना उत्सुकता आहे."

म्हणून जाण्याआधी मी गाडी मेकॅनिककडे नेली. तो खाली सरकला, तिथूनच बोलायला लागला.

"भिया, इसका नीचे का कवर तो कब का गिर गया. मिट्टी-पानी सीधा ऊपर जा रिया हे. पूरा जंग खा गई."

"मग काय करायचं?"

"कोटिंग करवा लो. नहीं तो एक दिन पाँव नीचे रखोगे और सड़क पे चलोगे."

घरी आलो. अण्णांना घरात शुद्ध मराठी लागतं. माझं सगळं शिक्षण हिंदीत झालेलं, त्यामुळे त्यांच्यासमोर मी दर वाक्याला मराठी शब्द शोधत असतो. 'कोटिंग'ला शोधला आणि दुर्दैवानं सापडला.

"अण्णा, गाडीला खालून अस्तर लावायला सांगितलंय."

अण्णांनी कात्री खाली ठेवली. "अस्तर?"

"हो. धूळ, चिखल आत जाऊ नये म्हणून."

"अरे, मग बाहेर कशाला द्यायचं? घरात मशीन आहे की!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण रेडीमेडच्या दिवसांत अण्णांकडे फक्त चेन बदलायला नाहीतर पँट आखूड करायला लोक येतात. त्यांच्या चेहऱ्यावर इतका उजेड बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ज्या माणसानं मला पहिलीच्या हाफ पँटपासून पदवीदानाच्या कोटापर्यंत शिवून दिलं, त्याला 'गाडीचं अस्तर वेगळं असतं' असं कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणालो, "बघा, जमेल का?"

"जमेल का!" अण्णा टेप घेऊन अंगणात गाडीखाली गेलेसुद्धा. खालून आवाज आला, "लिही! लांबी... कंबर... घेर... अरे, ही मध्येच फुगली आहे!"

"तो सायलेन्सर आहे, अण्णा. तिथे मोकळं ठेवा, गरम होतो." (संपूर्ण प्रकल्पात विज्ञान शाखेचं योगदान इतकंच.)

"तिथे काज करतो."

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काय चाललंय हो?"

"गाडीचं माप घेतायत," आई म्हणाली आणि लगबगीनं घरात गेली.

शिलाई मात्र अप्रतिम झाली. दुहेरी टीप, कोपऱ्यांना पट्ट्या. पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत ताडपत्री ताणून, नेफ्यातून जाड नाडी घालून अण्णांनी चारी बाजूंनी बांधली. आईनं वाकून पाहिलं. "अहो, हा तर परकर झाला!"

"अस्तर आहे ते," अण्णा म्हणाले. "आणि थोडं ढिलं ठेवलंय. आवळ झालं तर उसवतं."

ते ढिलं ठेवणंच नडलं.

साखरपुड्याच्या दिवशी पावसाची उघडीप होती. अण्णा माझ्या शेजारी. मागे आई आणि नंदा, आणि दोघींच्या मध्ये, माणसाची जागा अडवून, जावयासाठी अण्णांनी शिवलेला सूट. मी नवीन पांढऱ्या झब्ब्यात. इंदूरपर्यंत गाडी राणीसारखी चालली. अण्णा मधूनमधून वाकून कानोसा घेत होते. "खडा वाजतोय का एक तरी? नाही ना?"

धारच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं आणि वाहनं शेताकडेच्या कच्च्या वाटेनं वळवली होती. काळ्या मातीची डबकी एकामागून एक. प्रत्येक डबक्यातलं पाणी आमच्या चाकांनी नेमानं उडवलं आणि परकरानं नेमानं झेललं. ताडपत्री उत्तम प्रतीची होती. एक थेंब खाली गळला नाही!

गाडी जड झाली. वळणावर पोटातून डुबुक डुबुक आवाज यायला लागला.

"दादा, काहीतरी बोलतंय खाली," नंदा म्हणाली.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला शेजारी आला. "ओ भिया! नीचे कुछ लटक रिया हे!"

मी हात हलवून आभार मानले. मागून दुसरा, "भिया, साड़ी फँस गई, साड़ी!" आईनं घाबरून आपला पदर तपासला, मग नंदाचा.

धारच्या वेशीवर पोलिसांची तपासणी चालू होती. शिपायानं आमची गाडी पाहिली. गाभण म्हशीसारखं तिचं पोट जमिनीला टेकायच्या बेतात होतं. त्यानं काठी आडवी केली.

"नीचे क्या छुपा रखा है?"

मला त्या क्षणी 'अंडरबॉडी', 'कवर', 'कोटिंग', सगळे शब्द येत होते. पण मनात घरचाच शब्द घोळत होता आणि मी त्याचं सरळ हिंदी केलं.

"साहब, पेटीकोट है."

"किसका?"

"गाड़ी का."

शिपायानं मला बाजूला सारलं. मग काठीनं परकर ढोसला. डुबुक! "खोलो इसको."

"कापू नका म्हणावं!" अण्णा खिडकीतून ओरडले. "नाडी सोडवा, नाडी!"

नाडी भिजून आवळली होती. गाठ हाताला लागेना. मी झब्बा सावरत बंपरखाली पालथा झालो, मग उताणा झालो आणि दातांनी गाठ सैल केली. पदार्थविज्ञानाच्या तासाला मी मुलांना पाण्याचा दाब शिकवतो. तो चेहऱ्यावर कसा लागतो, हे त्या दिवशी कळलं. दोन जिल्ह्यांची काळी माती एकदम माझ्यावर आली.

शिपायानं मला पाय धरून बाहेर ओढलं. "जाओ," तो हळू आवाजात म्हणाला. मोठा दयाळू माणूस.

मी जावयाच्या सूटकडे नुसतं पाहिलं, तर अण्णा म्हणाले, "हातही लावायचा नाही!"

तसेच पोचलो. दारात व्याही उभे होते. अण्णांना, आईला, नंदाला त्यांनी हात जोडून आत घेतलं. मग माझ्याकडे वळले. "ड्रायव्हर, गाडी मागे लाव. तिथे नळ आहे, हातपाय धू. चहा तिकडेच येईल."

मी म्हणालो, "जी साहब."

का म्हणालो, देव जाणे! वाटलं, धुऊन-पुसून येऊ, मग शिकलेला भाऊ म्हणून प्रवेश करू. पण काळी माती साबणाला दाद देत नव्हती. आत व्याह्यांनी विचारलं, "चिरंजीव कुठे आहेत?"

आईला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "मागे आहे. येतोय."

"मागच्या गाडीनं?"

"मागूनच," आई म्हणाली.

मुहूर्त जवळ आला. मंडळी दाराकडे बघू लागली. मुलाचे काका व्याह्यांच्या कानाशी लागले, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "भावाला स्थळ पसंत नाही वाटतं. रुसून बसला असेल." व्याह्यांचा चेहरा ताठ झाला. "तसं असेल तर घाई नको. बोलून घेऊ, मग बघू."

नंदा पाटावरून उठली आणि थेट मागच्या अंगणात आली.

"दादा, चल."

"असाच?"

"असाच. नाहीतर मोडतंय."

मनगट धरून तिनं मला बैठकीत उभं केलं. झब्ब्यातून पाणी निथळत होतं. "हा माझा दादा," ती म्हणाली. "बी.एससी. आहे."

व्याह्यांचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे मघाशी मी तुम्हाला..."

"नळाला पाणी छान आहे तुमच्या," मी म्हणालो.

मग अण्णांनी सगळं सांगितलं. माप, नेफा, काज, नाडी. काहीही न लपवता, जरा अभिमानानंच. व्याह्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पाणी निघायला खाली एखादं भोक नाही ठेवलंत?"

"भोक?" अण्णा उसळले. "जन्मभर लोकांची भोकं बुजवत आलो, आणि मी ठेवू?"

व्याही आधी खोकले. मग खांदे हलायला लागले. मग आत स्वयंपाकघरापर्यंत हसू पसरलं. तेवढ्यात जावई नवा सूट घालून बाहेर आले. खांद्याला एक सुरकुती नाही! काका कापडाला हात लावून म्हणाले, "वा!" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. 'बघ, माणसांना बरोबर बसतं,' असं काहीसं त्या नजरेत होतं. मुहूर्तावर साखरपुडा झाला. फोटोंत मी व्याह्यांच्या जुन्या पायजम्यात आणि बंडीत आहे, आणि अण्णा माझ्या पायजम्याची शिलाई बघून तोंड वाकडं करून उभे आहेत.

निघताना सगळे गाडीत बसले. मी दार लावत होतो, तेव्हा मुलाची आजी काठी टेकत बाहेर आली. तिला ऐकू कमी येतं. ती सकाळपासून आतल्या खोलीत होती. तिनं माझ्या हातात पुरणपोळीचा डबा दिला.

"घे, वाटेत खा. ड्रायव्हरला कुणी विचारत नाही."

"आजी, मी..."

"शिकला असतास तर ही वेळ आली नसती रे," ती माझ्या बंडीवरून हात फिरवत म्हणाली. "आमच्या नातसुनेचा भाऊ बघ. शिंप्याचा मुलगा, पण बी.एससी. झाला, घर वर आणलं. तू का नाही शिकलास?"

गाडीतून तिघंही माझ्याकडे बघत होते. सगळं ओरडून समजावायचं म्हणजे परत परकरापासून सुरुवात करावी लागली असती.

मी मान खाली घातली. मोठ्यानं म्हणालो, "वडील शिकवत होते, आजी. माझंच लक्ष नव्हतं."