परिटाची वर्दी

भादव्यात ओढ्याकाठी परीट दिसला, की उंब्रजजवळच्या आमच्या रानात शाळू ज्वारी पेरायची वेळ झाली. परीट म्हणजे सारखी शेपटी आपटणारा, पावसाळा सरताना उत्तरेकडून येणारा पाहुणा पक्षी. त्याला डोळ्यांनी पाहून जो पहिली वर्दी आणील त्यानं पेरणीच्या पाभरीच्या चाड्यावर बियाण्याची पहिली मूठ धरायची, असा मामंजींचा दंडक. लग्न होऊन आले तेव्हापासून ती मूठ माझी होती. धुणं घेऊन ओढ्यावर मीच जायची ना! दागिन्यांत, साड्यांत मी कुणाशी बरोबरी केली नाही. पण ही मूठ माझी.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर धाकटी जाऊ आली. शहरातली, विश्रामबागेतली, कॉलेजात शिकलेली. तिचा भाऊ यंत्रांचं काम शिकायला जपानला जाऊन आलेला. त्यानं आणलेलं तिथलं जुन्या पद्धतीचं कॅलेंडर तिनं सोप्यात टांगलं. आपली नक्षत्रं, तसे त्यांचे वर्षाचे पाच-पाच दिवसांचे तुकडे, आणि प्रत्येकाला नाव. भावानं खाली मराठीत अर्थ लिहून दिलेला. एका सकाळी तिनं वाचलं, "मामंजी, आजपासून परीट बोलू लागतो."

मामंजी हरखले. "आरं तिच्या! त्यास्नीबी परीट ठावं हाय व्हय!"

मग दर पाच दिवसांनी चहाबरोबर वाचन. इथं डोक्यावर ढग गडगडतायत आणि ही वाचतेय, 'आता गडगडाट थांबतो.' तरी मामंजी मान डोलावणार! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ओढ्यात कधी पाय न बुडवलेली ही, आणि पाखरांची बातमी हिच्या तोंडून? धुतलेली लुगडी पुन्हा धुवायला नेऊन मी ओढा राखत बसले.

एकदाचा परीट ओढ्यातल्या दगडावर दिसला. पिळे तिथंच टाकून मी पळत सुटले. दारात पोचते तर गोठ्याच्या कौलांवर दुसरा परीट शेपटी आपटतोय, आणि जाऊ अंगणात उभी राहून त्याच्याकडं बघतेय. मामंजी आत होते. मी दारातच थांबले.

तिनं माझा भिजलेला पदर पाहिला, आणि आत हाक दिली, "मामंजी, बाहेर या. ताई काहीतरी सांगायला आल्यात."

पहिली मूठ मीच धरली. "थोरलीचा हात लय गुणाचा हाय," मामंजी म्हणाले. बांधावर ती मनापासून हसत होती. तिनं मूठ हिसकावली असती तर जन्मभर भांडले असते. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही. माझ्या मुठीतला शाळू तिनं दिलेला होता, आणि हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.