वारं शिरलेल्यांची वही

आमच्या शाळेत आजार एकच, वारं शिरणं. पोट दुखो, डोकं दुखो, नाहीतर बाप घर सोडून जावो, आजारी पोरांची खोली सांभाळणाऱ्या रात्मीबाईंच्या वहीत नोंद तीच. हिरव्या बाटलीतलं तेल पोटावर चोळायचं, आल्याचा गोड चहा पाजायचा, दहा मिनिटं पडू द्यायचं. तेवढ्यात पोर जे बोलायचं ते बोलतं. वहीत मात्र लिहायचं, वारं शिरलं.

आता जावा बेटावर, वोनोसोबो गावाच्या वर, डोंगरात शाळा म्हटल्यावर वारं शिरायचंच. पण महिन्यात त्रेपन्न पोरांत? त्यातल्या एकतीस जणांत माझ्याच गणिताच्या तासाला? तेव्हा बाईंचा तास रिकामा असतो, हे त्या चोरांना बरोब्बर ठाऊक.

"पोरं लाडावून ठेवलीत तुम्ही," मी बाईंना म्हणायचो.

"तुम्हीही या की कधी गुनार्दीसर. चहा आहेच."

बायको जाऊन दीड वर्ष झालं, म्हणून बाईंचा हा चोंबडेपणा! मी चिडलो आणि सरळ आरोग्य केंद्राला पत्र धाडलं: शाळेत साथ आली आहे, चौकशी व्हावी.

डॉक्टर फौझान मंगळवारी येणार असं कळलं, तेव्हा बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. एरवी हसणारी बाई, पण त्या दिवशी वाट अडवूनच उभी राहिली.

"पाचवीतली वेनिंग दर मंगळवारी का येते, माहीत आहे? सोमवारी तैवानला कामाला गेलेल्या आईचा फोन येतो. आजीने बजावलंय, शाळेतही रडलीस तर सुराबायाला मामाकडे धाडीन. डॉक्टरांनी खरं कारण लिहिलं की पत्र आजीच्या हातात. शाब्बास सर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर आले. पोरगेलेसे, पण भलतेच कसून काम करणारे. विहिरीचं पाणी बघितलं, कँटीनमधल्या तळलेल्या टेंपेचा, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांचा, वास घेतला, मग वही उघडली.

"त्रेपन्न! बाई, प्रत्येकाचं खरं कारण सांगा. नाहीतर खोलीला कुलूप. ही वेनिंग कोण? बोलवा तिला."

वेनिंग आली. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतं बाळ?" तिने बाईंकडे बघितलं. बाई जमिनीकडे बघत होत्या. पोरीची हनुवटी हलायला लागली.

"खिडकी!" मी ओरडलो.

सगळे दचकले. मीसुद्धा.

"माझ्या वर्गातली खिडकी, डॉक्टर. मी उघडी ठेवतो. तिथूनच शिरतं."

"इतक्या थंडीत? कशासाठी?"

"मधल्या सुट्टीत तिथे उभा राहून लवंगी सिगरेट ओढतो. मग बंद करायची राहते." यातलं पहिलं वाक्य तरी खरं होतं.

डॉक्टरांनी मला असं काही झापलं म्हणता! या वयात, पोरीदेखत! वर कागदावर लिहिलं की साथीचं कारण सापडलं, गणिताच्या वर्गाची खिडकी खिळे ठोकून बंद करावी. खोलीला कुलूप लागलं नाही. वेनिंग माझ्याकडे टकामका बघत होती.

पुढच्या मंगळवारी मी भागाकार शिकवत होतो. वेनिंग उभी राहिली.

"सर, वारं शिरलं."

खिडकीला आठ खिळे! सगळा वर्ग तोंडावर हात धरून फिदीफिदी हसतोय.

"कुठून शिरलं गं?"

"दारातून, सर."

"जा मग. आणि दार लाव."

मधल्या सुट्टीत सिगरेट ओढायला जागाच उरली नव्हती. व्हरांड्यात फेऱ्या मारून कंटाळलो आणि आजारी पोरांच्या खोलीत शिरलो. वेनिंग तोंड धुऊन निघालीच होती. तिने खाटेवर माझ्यासाठी जागा केली आणि पळाली.

बाईंनी मान वर केली नाही. वही ओढली, पेन उघडलं.

"काय होतंय?"

"वारं शिरलंय."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं," मी म्हणालो.

बाईंनी तेवढंच लिहिलं आणि चहा ठेवला.