शिवराज लाजला नव्हता

हे मी आजवर घरात बोललो नाही, बाजारात नाही, देवासमोरही नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

औरादला दरवर्षी एक धाव होते – पुरुषांच्या कॅन्सरसाठी. निधी जमतो, तपासणी शिबिर होतं. माझ्या धाकट्या भावाच्या, शिवराजच्या नावानं मीच ती सुरू केली. छातीवर त्याचा फोटो छापलेले बनियन घालून पोरं पळतात आणि मी माईक घेऊन सांगतो, ‘माझा भाऊ लाजला, म्हणून गेला. तुम्ही लाजू नका.’ लोक डोळे पुसतात. मला त्या लोकांचा संताप येतो. एकालाही विचारावंसं वाटत नाही का, की तुला कसं ठाऊक?

मी बैलांचा व्यापारी. हातात दावं मावत नव्हतं तेव्हापासून या धंद्यात आहे. जनावर पुढ्यात आलं की दात, खूर, अंड, सगळं हातानं चाचपून बघतो. मला कोणी फसवू शकत नाही. मग?

त्या साली बहिणीची सोयरीक खजुरीला चालली होती. गोठ्यात शिवराज जवळ आला. सरळ म्हणाला, “अण्णा, खाली गाठ आलीय. दुखत न्हाई, पण वाढायलीय. बिदरला दाखवून येऊ का?”

मी काय केलं? हसलो. “कामून रे, बैल हायस का? म्या बगू चाचपून?” तोही हसला – बिचारा. मग मी आवाज चढवला. “असल्या जागंचा रोग घरात हाय म्हनून कळलं तर पोरगी कोन करंल? सुपारी फुटू दे, मग म्या सोता नेतो. आन् महादेवीला बोलू नको, तिचं म्हायेर खजुरीचंच.”

महादेवी म्हणजे त्याची बायको. त्यानं तिलाही सांगितलं नाही. माझा शब्द होता ना!

पंधरा दिवसांत मिटायची बोलणी. पण खजुरीवाले म्हणाले, लग्न आमच्या दारात. मी म्हटलं, आमच्या. त्यांचा तो मग्रूर म्हातारा चारचौघांत मला ‘दलाल’ म्हणाला – अजून अंगाची आग होते. मग मी तंगवलं. गिऱ्हाईक तंगवावं तसं. दसऱ्याला सुरू झालेलं संक्रांत झाली तरी सुटलं नाही. मधे दोनदा शिवराजनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, थांब.

लग्न आमच्याच दारात झालं. मी जिंकलो.

मग शिवराजला बिदरला नेलं, तोवर गाठ आत पसरली होती. डॉक्टर म्हणाले, माणूस वेळेत आला की हा आजार बरा होतो. मला तर त्या डॉक्टरच्या कानफटात मारावी असं वाटलं. कुणाच्या कानफटात मारायची ते मला माहीत होतं. दवाखान्याच्या जिन्यात महादेवीनं विचारलं, “अण्णा, त्येनी कामून सांगितलं न्हाई कुनाला?”

मी म्हणालो, “लाजला असंल.”

हे दोन शब्द. नंतर बॅनरवर तेच आले, भाषणात तेच, पाहुण्यांच्या तोंडी तेच. धाव खोटी नाही; तपासून घेतल्यामुळं दोघंतिघं वाचलेतही. पण ज्यानं तोंड उघडलं होतं, त्यालाच मी भित्रा ठरवून गावभर पळवतो.

महादेवी धावेला येत नाही. तो बनियन तिनं अंगाला लावला नाही. नवऱ्यावर तिचा राग आहे, फोटोला हारही घालत नाही. परवा मला जेवायला वाढताना पुन्हा म्हणाली, “बायकूपाशी कसली लाज हो? येकदा बोलले असते तर म्या फरफटत नेलं असतं.”

नेलं असतं. मला ठाऊक आहे.

मी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, आणि आणखी थोडं तिखट मागून घेतलं.