उलट्या हातानं गीझर तपासणारे मिस्त्रीजी

नोएडातली माझी खोली टिकली ती मिस्त्रीजींमुळे. चहाच्या टपरीवर रोज भेटायचे, पण नाव विचारायचा मला कधी धीर झाला नाही. तापानं फणफणलेलं पोर तपासावं तशी ते गीझरची टाकी उलट्या हातानं तपासत आणि तिलाच विचारत, "क्या हुआ, मॅडम?"

मी आठवीतून शाळा सोडून आलेलो. काहीही बिघडलं की माझंच चुकलं असेल, असं वाटायचं. वीजबिल फुगलं तेव्हा घरमालकीण म्हणाली, "ये लड़का दिनभर नहाता है. कमरा खाली करो." घाबरून मी मिस्त्रीजींना बोलावलं.

"ठंडा कितना मिलाते हो?"

"अर्धी बादली... मतलब, आधी बाल्टी."

"तो इतना उबालते क्यों हो, बेटा?"

हसत त्यांनी थर्मोस्टॅट खाली आणला, आतल्या रॉडवरचा क्षाराचा जाड थर खरवडला आणि कागदावर घेऊन मालकिणीपुढे धरला.

"लड़का ठीक है, आंटी. बिजली ये खा रहा था."

नवा गीझर गळ्यात मारला असता तर त्यांचाच फायदा होता. पुढच्या महिन्यात बिल उतरलं आणि मी राहिलो.

कधीतरी माझं स्वतःचं घर होईल. तेव्हा मिस्त्रीजींना पुरणपोळीच्या जेवणाला बोलावीन आणि बजावीन, हत्यारांची पिशवी आज घरीच ठेवून या.