कोऱ्या कागदाची पंच

"अरे, हिचाच घे ना. अंगठा आहे ना हिला? मग झालं तर."

साहेब हे माझ्याकडे न बघता म्हणाले. जंगलखात्याच्या गार्डनं माझं मनगट धरलं. विचारलं नाही. आधी शाईच्या पॅडवर, मग कागदावर. डावा अंगठा. दाबून, या बाजूनं त्या बाजूला लोळवून. मग त्यानं खिशातून रुमाल काढून हात पुसले. शाई त्याला लागलीच नव्हती. त्याला मी लागले होते.

भर दुपार. चिंचेखाली अर्धं गाव उभं. "जा आता, भाकरी थाप," साहेब म्हणाले. आमच्याकडे दोन्ही वेळा भात खातात, हेही त्या माणसाला ठाऊक नव्हतं. लोक हसले.

मीही हसले.

हे लिहूनच ठेवते, म्हणजे कुणी मला थोर समजणार नाही. मी हसले. पदर तोंडाला लावून, लाजून, जसं काही माझं कौतुक झालं. दोन लेकरांची आई, तिशी ओलांडलेली, सातवी पास, आणि ही अशी हसते! आज ती बाई मला भेटली तर थोबाडीत नाही मारणार. कान धरून तिला साऱ्या गावातून फिरवीन.

हो, सातवी पास. मला वाचता येत होतं, लिहिता येत होतं, सही तर अशी वळणदार की मास्तरांनी वर्गात दाखवलेली. मग अंगठा का दिला? कारण आमच्या गावची रीतच ती होती. सही येणारा माणूसही सरकारी माणसापुढे अंगठाच पुढं करायचा. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूनं शिकवलं होतं, "वाचता येते असं कोणाले सांगू नोको. वाचणाऱ्या माणसाले साहेब दोनदा विचारते." जंगलाच्या तोंडावरचं गाव. इकडून जंगलातले बंदूकवाले, तिकडून पोलीस. ज्याला वाचता येतं तो कुणाची तरी चिठ्ठी वाचत असणार, असा संशय. म्हणून आम्ही शहाणे लोक अडाणी बनून राहायचो. आम्हाला वाटायचं, साहेबाला फसवलं.

काय फसवलं! घोड्यानं स्वतःच लगाम तोंडात घ्यावा आणि म्हणावं, बघा कसा चकवला मालकाला.

त्या दिवशी झडती होती सोमाभाऊच्या घरची. सोमाभाऊ आमचा शेजारी, गोंड माणूस, बोलायला कमी. पण पंधरा दिवसांपूर्वी गावाच्या सभेत त्यानं याच गार्डला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "पडलेल्या काड्या आणल्या तं बायांइचे विळे काऊन हिसकता?" गार्ड तेव्हा टोपी घालून निघून गेला. पंधरा दिवसांनी साहेबांना घेऊन आला.

झडतीला गावातले दोन पंच लागतात. पंच म्हणजे बघणारा. जे होईल ते डोळ्यांनी बघायचं आणि बघितलं तेवढ्यावर सही करायची. एक गार्डचाच माणूस होता. दुसरी पंच मला केलं आणि चिंचेखालीच उभं ठेवलं. घरात नेलं नाही. मला आतून फक्त भांडी पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ते बाहेर आले. रिकाम्या हातांनी. हे मात्र मी बघितलं. सगळ्यांचे हात रिकामे.

मग माझा अंगठा घेतला, कागदावर, अगदी खाली. वरचा सगळा कागद कोरा होता.

सोमाभाऊ शेतावरून आला तसा त्याला जीपमध्ये बसवलं. त्याची बायको जंगूबाई अनवाणी मागे धावली. "काऊन नेता? सांगा तं, काऊन नेता?"

"तिकडे कळेल," गार्ड म्हणाला.

मी घरी येऊन राखेनं अंगठा घासला. शाई नखात गेली होती, निघेना. आमचं घर बौद्धाचं. समोरच्या भिंतीवर घटना लिहिणाऱ्याचा फोटो, हार घातलेला. त्याच्या पायाशी बसून ही सातवी पास बाई राखेनं अंगठा घासते आहे! मला आता हसू येतं. तेव्हा आलं असतं तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी जंगूबाई आली. इकडेतिकडे बघून लुगड्याच्या ओच्यातून कागद काढला. तालुक्याला सोमाभाऊच्या बाजूनं एक सरकारनं दिलेली फुकटची वकीलबाई होती. तिनं तो दिला होता.

"बाई, तुले वाचता येते. मले मालूम हाय. मी कोणाले सांगत नाई."

साहेबापासून लपवलं होतं, नवऱ्याच्या मित्रांपासून लपवलं होतं. बायांपासून काय लपतं?

मी दार लोटलं आणि वाचू लागले. आरोपीच्या घराच्या मागच्या खोलीतून सागवानाच्या चार फळ्या आणि झाड तोडायची कुऱ्हाड पंचांसमक्ष जप्त केली. मागची खोली! सोमाभाऊच्या घराला एकच खोली. मागे कोंबड्यांचं खुराडं, त्यात माणूस ओणवासुद्धा शिरत नाही.

"आपल्या घराले मागची खोली कधी झाली वं?" जंगूबाई म्हणाली.

मी पुढं वाचत गेले. वरील मजकूर पंचांना वाचून दाखवला, तो बरोबर असल्याचं त्यांनी सांगितलं. त्याच्या खाली माझं नाव. नवऱ्याचं नाव. निशाणी डावा अंगठा.

मी थांबले.

"पुढं काय हाय?"

"काई नाई. शिक्का हाय."

तिनं कागदाची घडी केली, ओच्यात खोवली आणि गेली. मी चुलीपुढं बसून राहिले. भात करपला.

सोमाभाऊ आत, आणि पावसाळा लागला. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आला आणि गेला. जंगूबाई एकटी, वाकलेली, धानाच्या बांधीतल्या चिखलपाण्यात. गावातलं कुणी मदतीला गेलं नाही. गार्ड बघतो म्हणून. मीही गेले नाही. रोज बांधावरून जायचे, मान वळवून. माझी मान तेव्हा भारी लवचिक होती.

मग कोर्टाचं बोलावणं आलं. त्याच्या मागोमाग गार्ड आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "कागदात आहे तेच बोलायचं, बाई. वेगळं बोललीस तर तूच आत जाशील. खोटी साक्ष म्हणतात त्याला."

नवरा म्हणाला, "जाऊन बोलून ये न त्याइच्या मनासारखं. आपलं काय जाते?"

काय जातं, ते मला सांगता येत नव्हतं. पण एक दिसत होतं. एका घरचा माणूस माझ्या अंगठ्याखाली दबला होता. तो उचलायचा की आणखी दाबायचा, एवढंच माझ्या हातात होतं.

कोर्टाच्या आदल्या दिवशी बांधीवर गेले. जंगूबाई निंदत होती. मी बांधावर उभी राहून म्हटलं, "त्या कागदावरचा अंगठा माया हाय."

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "मालूम हाय."

"कवापासून?"

"वाचता वाचता थांबली तू, तवापासून. मी अडाणी हावो, बाई. आंधळी नाई."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू बोलते का, ते पाहून राह्यली होती."

त्या एका वाक्यानं माझी जेवढी इज्जत गेली, तेवढी चिंचेखाली साऱ्या गावापुढं गेली नव्हती. गार्डनं माझं मनगट धरलं होतं. हिनं मला धरलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात उभी राहिले. गार्ड मागच्या बाकावर. सरकारी वकिलांनी कागद दाखवला.

"हा अंगठा तुमचाच ना?"

"हो."

"म्हणजे हा पंचनामा तुमच्यासमोर झाला."

"नाई जी. अंगठा दिला तवा कागद कोरा होता. मी घरात गेलीच नाई. साहेब लोक बाहेर आले तं हात रिकामे होते. अन् त्या घराले मागची खोली नाई."

वकील हसले. "बाई, तुम्ही अंगठेबहाद्दर. कागदावर लिहिलेलं होतं की नव्हतं, तुम्हाला काय कळणार?"

"कोरा कागद वळखाले शाळा लागत नाई, साहेब. तरी पण मी सातवी पास आहो. द्या इकडं, वाचून दाखवतो."

कुणीतरी मागे खोकलं. जजसाहेबांनी तो कागद माझ्याकडे द्यायला लावला. मी वाचला. पहिल्या ओळीपासून, खणखणीत, मास्तरांपुढं वाचावा तसा. माझं नाव आलं तेव्हा तेही वाचलं.

जजसाहेबांनी विचारलं, "मग सही का केली नाही?"

"भेवली होती," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? तेच खरं होतं.

सरकारी वकिलांनी कोर्टाकडून मला फितूर जाहीर करवून घेतलं. हा कायद्यातला शब्द आहे. ज्या बाजूनं बोलावलं, त्या बाजूचं बोलला नाही तो साक्षीदार फितूर. म्हणजे मी खोटं अंगठ्याखाली ठेवलं तोवर सरकारची पंच होते, आणि खरं बोलले तशी फितूर झाले. त्या शब्दाचं मला अजून वाईट वाटत नाही. उलट सुनांना सांगते, तुमची सासू कोर्टानं शिक्कामोर्तब केलेली फितूर आहे, सांभाळून राहा.

सोमाभाऊ सुटला. पण रोवणा परत आला नाही. त्या वर्षी त्याच्या घरी निम्मंही धान झालं नाही. तो पुन्हा कधी सभेत बोलला नाही. जंगूबाईनं माझे आभार मानले नाहीत. मानायला नकोच होते. चार महिने मी तिच्या बांधावरून मान वळवून गेले, त्याची माफी तिनं मला दिली नाही. मीही मागितली नाही. ती वारली तोवर आम्ही शेजारी राहिलो, बोलत राहिलो. ते एक सोडून.

तेव्हापासून गावात कुणाच्याही घरी झडती आली की मी जाते. न बोलावता. आधी झडतीच्या हुकुमाचा कागद मागते. मग आत जाते, डोळ्यांनी बघते. जेवढं बघितलं तेवढं लिहून घेते आणि पूर्ण नावानिशी सही करते. आता सत्तरी आली, गुडघे बोलतात, तरी जाते. काही साहेब मला बघून कपाळाला हात लावतात. तो आमचा मान.

गेल्या महिन्यात बांबू विणणाऱ्या एका घरी जंगलखात्याचे लोक झडतीला आले. कागद नव्हता. मी दारात बसले. उंबऱ्यावरच. "बाजूला व्हा, आजी." झाले नाही. आता माझ्यावरच सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा आहे. चौकशीला सोमवारी बोलावलंय.

माझी नात चंद्रपूरला बी.ए. करते. परीक्षा आली म्हणून घरी बसून अमेरिकेची राज्यघटना पाठ करते आहे. परवा मोठ्यानं वाचत होती. मी तांदूळ निवडत होते.

"आजी, ऐक. अमेरिकेत पकडलं की पोलिसाला आधी सांगावं लागतं, तुला गप्प राहायचा हक्क आहे."

"गप राह्याचा हक्क? अवं, तो तं मले जन्मताच भेटला. गावच्या समद्या बायांले भेटला. अमेरिका मागून आली."

"तसं नाही गं! तुझ्याच विरुद्ध तुझ्याकडून जबरदस्तीनं वदवून घेता येत नाही, असं. त्यांच्या पाचव्या दुरुस्तीत आहे. झडतीचं चौथ्या दुरुस्तीत."

"म्हंजे आधी घर बांधलं, अन् पाणी गळाले लागलं तसे वरचे कवेलू फेरले."

ती हसली. मग म्हणाली, "आणि हे सगळं कागदावर होतं तेव्हाही तिथं माणसं विकत होते, आजी."

"मंग कोणी वाचून दाखवलं नसंल त्याइले."

पोरगी पुस्तक मिटून माझ्याजवळ सरकली. "आपल्याकडेही आहे. कलम वीस. सोमवारी तू काहीच बोलू नकोस. तुझा हक्क आहे तो. माझं ऐक."

आता माझी जी वकीलबाई आहे, तीही तेच सांगते. दोघी शिकलेल्या आहेत, माझ्या जिवासाठी सांगतात. तो हक्क मला कळला. ज्याला मारून कबूल करायला लावतात, त्याला तो पाहिजेच. कुणी माझ्या तोंडून शब्द ओढायला बघितला, तर मीही दात आवळून बसेन.

पण मला कुणी ओढायची गरज नाही. सोमवारी मी जाणार, वकीलबाईला शेजारी बसवून बोलणार. घरात कोण शिरत होतं, कागद का दाखवला नाही, मी कुठं बसले होते आणि का उठले नाही, सगळं. माझी जबानी लिहून झाली की ओळ न ओळ वाचायला मागणार. एक शब्द माझा नसला तर खोडायला लावणार. शिक्षा झाली तर भोगेन.

आणि सुटून आले की पुढच्या झडतीला पुन्हा त्यांच्या आधी दारात असेन.