उघडा फिल्टर की बंद पेटी

त्याला सगळे कानसेन म्हणत. गॅरेजच्या पाटीवर खरं नाव होतं, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. लोक एकमेकांना फोनवर सांगत, "कानसेनकडे टाक गाडी, तो नुसती ऐकून सांगेल." आणि तो सांगायचाही. हातभर रबरी नळी, तिचं एक टोक कानात, दुसरं इंजिनाच्या अंगावरून फिरतंय, डोळे मिटलेले, उजव्या हाताचं एक बोट वर. बोट वर गेलं की सीटवर बसलेल्यानं रेस वाढवायची, खाली आलं की सोडायची. दोन मिनिटांत निदान. "टर्बोचं बेअरिंग महिनाभर निघेल, मग रडेल." टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, आणि त्याचं बेअरिंग खरोखरच महिन्याभरानं रडायला लागायचं.

गॅरेजचा नियम एकच होता. कानसेननं ऐकल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. लेक पाच वर्षांपासून त्याच्या हाताखाली होती. लॅपटॉप जोडून इंजिनाचे आकडे वाचायचे, सेटिंग बसवायचं, हे सगळं तीच करायची. शेवटी हा नळी लावून मान डोलवायचा आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत खूश होऊन जायचं. "बाबा, राबते मी आणि मान डोलावता तुम्ही," लेक म्हणायची. तो हसायचा, कारण ते खरं होतं.

आता ते मान डोलावणं त्याच्या गळ्याशी आलं होतं. कानसेनला ऐकू येईनासं झालं होतं.

आधी गेली ती बारीक शिट्टी. टर्बोच्या नळीतून कुठे हवा निसटत असली की एक शिट्टी येते, केसाएवढी बारीक, आणि तिच्यावरच त्याचं आजवरचं नाव उभं होतं. मग फोनची घंटी गेली. मग बायकोचं बोलणं, पण ते तिच्या लक्षातही आलं नाही. तीस वर्षं तो तिचं ऐकत नव्हताच, त्यात नवीन ते काय. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन त्यानं गुपचूप कान तपासून घेतले. घरी सांगितलं, गॅस्केट आणायला चाललोय. तिथल्या मुलीनं त्याला काचेच्या खोलीत बसवून काहीबाही वाजवलं, मग कागदावर घसरत खाली गेलेली एक रेघ दाखवली. यंत्र लावलं तर समोरच्याचं बोलणं बरंचसं कळेल, ती म्हणाली, पण बारीक आवाज गेले ते गेले. त्यानं विचारलं, "यंत्र बाहेरून दिसतं का?" थोडं दिसतं, म्हणाली. तो उठून निघून आला.

नंतर एका रविवारी दुपारी त्यानं गॅरेज आतून लावून घेतलं आणि एक गाडी सुरू केली. नळी उजव्या कानाला लावली, डाव्या कानाला लावली. काही नाही. मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक टर्बोवर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. जुने मेकॅनिक असं करतात, हाडातून आवाज चढतो म्हणून. त्याचे दात तेवढे शिवशिवले. तो गाडीच्या चाकाला पाठ लावून खाली बसला आणि ढसाढसा रडला. साठीला दोन वर्षं कमी असलेला माणूस. स्वतःचं रडणंसुद्धा त्याला नीट ऐकू येत नव्हतं.

पण माणूस वस्ताद. त्यानं ओठ वाचायला शिकून घेतलं. कोणी पाठमोरं बोललं की धडधडणाऱ्या कंप्रेसरच्या नावानं बोटं मोडायची, मग समोरचा आपणच वळून मोठ्यानं बोलायचा. आणि गाडी ऐकायची वेळ आली की नळी लावायची, डोळे मिटायचे, मनात तीसपर्यंत मोजायचं आणि मान डोलवायची. गाड्या निर्धोक जात होत्या, कारण लेकीचं काम चोख होतं. हे त्याला कळत होतं, आणि तेच त्याला रात्रंदिवस खात होतं.

अशात दाताची डॉक्टर आली. ती त्यांची जुनी गिऱ्हाईक. आठवडाभर लोकांना आ करायला लावायचं आणि रविवारी आपली छोटी टर्बो गाडी डोंगरावर पळवायची, हा तिचा नाद. वर्षातून एकदा त्या चढावर घड्याळ लावून शर्यत असायची, आणि गेल्या वर्षी तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. या वेळी तिला इंजिनाला हवा पुरवणारा भागच बदलून हवा होता. कंपनीचा काढायचा, बाहेरचा चांगला बसवायचा.

पार्टवाल्यानं दोन नमुने पाठवले होते. एक उघडा फिल्टर, भल्या मोठ्या शंकूसारखा, बॉनेटखाली तसाच उघड्यावर बसणारा. दुसऱ्यात फिल्टर एका काळ्या बंद पेटीत होता आणि पेटीची नळी पुढच्या जाळीपर्यंत जात होती, बाहेरची गार हवा ओढायला. दोन्ही लावून बघायचे, एक ठेवायचा, एक परत द्यायचा.

लेकीनं आधी पेटी बसवली. कानसेननं नळी लावली, बोट वर केलं, आणि कानात नुसता कापूस कोंबल्यासारखी शांतता. तीस आकडे मोजून तो बाजूला झाला. मग तिनं उघडा फिल्टर बसवला. डॉक्टरनं रेस वाढवली आणि आवाज आला. सूंऽऽ करून हवा आत ओढली जात होती, आणि पाय काढला की फुस्स. त्यानं बोट परत वर केलं. परत सूं, परत फुस्स. किती महिन्यांनी त्याला एक इंजिन ऐकू येत होतं. मिटल्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तो बॉनेटखाली आणखी वाकला.

"हाच," तो म्हणाला. "हाच ठेवा."

लेक लॅपटॉपवरून वर बघत म्हणाली, "बाबा, हा बॉनेटखालची गरम हवा ओढतोय. आत बासष्ट डिग्री दाखवतोय. पेटीत अडतीसच होती. आवाज जोरात आहे, पण गरम हवेत दम नसतो. चढावर गाडी मान टाकेल."

डॉक्टर एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली. कानसेनला लेकीचं म्हणणं शब्दन् शब्द पटलं होतं. चाळीस वर्षं हेच काम करत होता, गरम हवेचं त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण पेटी ठेवली तर गाडीची प्रत्येक सर्व्हिसिंग, प्रत्येक तपासणी त्याला त्या कापसासारख्या शांततेत करावी लागणार होती. या एका गाडीपुरता का होईना, त्याला कानसेन राहायचं होतं.

"लॅपटॉपला काय कळतंय?" तो म्हणाला. "सेन्सर कुठे लावलास ते बघ आधी. डॉक्टर, तिला अजून शिकायचंय."

गिऱ्हाइकासमोर तो असं कधी बोलला नव्हता. लेकीनं लॅपटॉप मिटला. डॉक्टरनं अर्थातच कानसेनचं ऐकलं आणि उघडा फिल्टर लावून गाडी घेऊन गेली. त्याला शिव्या घालाव्यात की त्याची कीव करावी? दोन्ही केलं तरी चालेल.

दहा दिवसांनी डॉक्टर परत आली. गाडीचा उजवा आरसा तुटून वायरला लोंबत होता. ती गाडीतून उतरली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि शांतपणे सांगायला लागली, दाढ काढायची आहे हे जसं सांगत असेल तसं. सरावाला डोंगरावर गेली होती. भर दुपार, बाहेर आग. चढावर एका ट्रकला ओलांडायला गेली आणि बरोबर मध्यावर गाडीचा जोर गेला. समोरून दुसरा ट्रक येत होता. कशीबशी मागे घेतली, आरशावर निभावलं. "आणखी वीतभर असतं," ती म्हणाली, "तर मी आज इथे नसते."

कानसेनच्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्याच कोरड्या तोंडातून शब्द निघाले, "सेटिंगमध्ये काहीतरी गडबड झाली असणार. तिनं केलं होतं ते."

 लेक त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लावलं आणि समोर उभी राहिली. समोर होती म्हणून त्याला सगळं कळलं. "बाबा, मला एका मोठ्या गॅरेजवाल्यांनी नोकरीला बोलावलं होतं, काल मी हो म्हणाले. पुढच्या महिन्यापासून जाईन. मी वाईट काम केलं असतं तर तुम्ही मला चार लोकांत झापलं असतं तरी चाललं असतं. पण माझं बरोबर होतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं. तुमच्या तोंडावर दिसत होतं. मग असं का केलंत, तेवढं सांगा."

शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण एकदा सांगितलं की कानसेन संपला. मग त्या पाटीखाली खुर्ची टाकून बसायचं आणि येईल त्याच्या चाकात हवा भरायची, एवढंच उरलं होतं.  तो एवढंच म्हणाला, "पेटी बसवू. चल."

पेटी बसवायला तो स्वतःच वाकला. लेक पुढे आली तर तिला हातानंच मागे सारलं. पेटी बसली, पेटीतून इंजिनाकडे जाणारी वाकडी रबरी नळी बसली, तिच्या दोन टोकांना दोन क्लॅम्प. एक त्यानं आवळला. दुसरा आवळताना त्याचं चित्त पुढच्या नाटकात होतं. या पेटीचा तसाही आवाज नसतो, तेव्हा खोटं पकडलं जायची भीती कमी, असा हिशेब चालला होता. क्लॅम्प अर्धाच फिरला आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला गेला.

डॉक्टर सीटवर बसली. लेक लॅपटॉप घेऊन बाजूला उभी राहिली. कानसेननं पुढच्या जाळीपाशी वाकून पेटीला नळी लावली, डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. नऊवर त्यानं बोट वर केलं. डॉक्टरनं रेस वाढवली, इंजिन हललं आणि अर्धवट आवळलेली ती रबरी नळी सटकून बाजूला पडली. हवा ती मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून भलत्याच वाटेनं आत शिरली की अशी गाडी जागीच बंद पडते. ही एकदा ठसकली आणि बंद पडली.

कानसेन मोजत होता. चौदा. पंधरा. बोट वरच होतं. "अजून थोडी रेस द्या," तो म्हणाला. अठरा, एकोणीस. बारीक आवाज पकडताना करायचा तशी त्यानं मान तिरकी केली. "हां. आता कसं. त्या उघड्याचा नुसता गोंगाट होता, डॉक्टर. ही बघा कशी चालतेय. टर्बोचा श्वास सरळ जातोय, कुठे शिट्टी नाही." सत्तावीस, अठ्ठावीस. तीस झाल्यावर त्यानं मान डोलावली. "हीच ठेवा," म्हणाला आणि डोळे उघडले.

डॉक्टर सीटवर नव्हती. ती लेकीशेजारी उभी होती आणि गाडीची किल्ली तिच्या हातात होती. कानसेननं किल्लीकडे पाहिलं. मग बॉनेटखाली पाहिलं, तर ती वाकडी रबरी नळी निघून लोंबत होती. 

आधी लेकच सावरली. डॉक्टरकडे वळून ती घाईघाईनं बोलायला लागली. तिचे ओठ त्याला बाजूनं दिसत होते. "मीच तुम्हाला खूण केली ना बंद करायची? बाबांना माहीत नव्हतं. आम्ही असं करतो कधी कधी, थंड इंजिन तपासायला." असलं लंगडं खोटं कोणाला पटणार होतं? लहानपणापासून तिला खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे. आताही झाले होते. ज्यानं तिचं खरं काम चारचौघांत खोटं ठरवलं, त्याला झाकायला ती खोटं बोलत होती.

"खोटं बोलतेय ती," कानसेन म्हणाला. आवाज किती मोठा लागला ते त्याला कळलं नाही, पण डॉक्टर दचकली. "मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. उघडा फिल्टर मी निवडला, कारण मला तेवढाच ऐकू येत होता. हिचे आकडे तेव्हाही बरोबर होते. सेटिंगही बरोबर होतं. तुम्ही त्या चढावर मेला असता, डॉक्टर, तर माझ्यामुळे मेला असता. आणि मी तेव्हाही हिचंच नाव सांगितलं असतं."

डॉक्टरनं तोंडावर हात नेला आणि हाताआड काहीतरी म्हणाली. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

लेकीनं लॅपटॉप खाली ठेवला, त्याच्याकडे पाठ केली आणि बॉनेटखाली वाकून ती निघालेली नळी जागेवर बसवायला लागली. तिचे खांदे हलत होते. ती बोलत होती. मागून त्याला तिचा जबडा तेवढा हलताना दिसत होता, मधे थांबत होता, परत हलत होता. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होती, म्हणजे ते ऐकण्यासारखं काहीतरी होतं, आणि बरंच होतं. तिचं तोंड दिसावं म्हणून कानसेन गाडीला धरून धरून वळसा घालून पलीकडे गेला.

तो पोचेपर्यंत तिचं बोलून झालं होतं.

"परत सांग," तो म्हणाला.

तिनं नाही अशी मान हलवली आणि क्लॅम्प आवळत राहिली.